कराडीच्या शहरात पाच दिवस

दिवस पहिला : व्हिएन्ना ते बुडापेस्ट

व्हिएन्नाहून निघालेली आगगाडी तासाभरात हेग्येशहालोम नावाच्या स्थानकावर ऑस्ट्रिया सोडून हंगेरीत शिरते, पण शिरते म्हणावे असे तिथे काहीच घडत नाही. पासपोर्ट बघायला कोणी आले नाही, गाडी दोन मिनिटे थांबली, फलाटावर एक माणूस सायकल धरून उभा होता, आणि पाट्यांवरची भाषा तेवढी बदलली. 1949 पासून याच सरहद्दीवर काटेरी तारा आणि जमिनीत पेरलेले सुरुंग होते, आणि त्या तारा 1989 च्या मे महिन्यात हंगेरीनेच कापायला सुरुवात केली, हे माहीत असल्यामुळे मी खिडकीतून उगाच काहीतरी शोधत होतो. नांगरलेल्या काळ्या शेतांवर पवनचक्क्या फिरत होत्या, बाकी काही नव्हते.

ज्या बाईच्या मागावर मी निघालो होतो, तिने 1951 साली हा देश चोरून सोडला आणि ती ऑस्ट्रियात पोचली, म्हणजे माझ्या बरोबर उलट्या दिशेने. तिचे नाव कतालिन कराडी, हंगेरीची एके काळची चित्रतारका आणि गायिका. हंगेरियन लोक आपल्या शाळेतल्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी घेतात, त्यामुळे तिकडे ती कराडी कतालिन. सातारला आईला फोनवर हे नाव सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “आपल्या कऱ्हाडची का रे?” पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला हंगेरीचा भूगोल समजावून सांगण्यापेक्षा “नाही गं, लांबची आहे” एवढे म्हणून मी विषय संपवला. पुढे कळले ते असे की हे आडनावही तिचे जन्माचे नव्हे. ती मूळची कांत्स्लेर. झोल्तान एग्येद नावाच्या पत्रकाराने तिला हेरले, पुढे आणले आणि नवे नाव दिले.

माझी भाची गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त बुडापेस्टला राहते. तिच्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर एका बाईचा खर्जातला आवाज वारंवार लागत असे. गाणे म्हणावे तर अर्धे बोलल्यासारखे, आणि बोलणे म्हणावे तर सुरात. भाचीने तो आवाज फोनवर मला पाठवला. फिल्म सोसायटीत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला एवढे आमिष पुरते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या लांबच्या प्रवासासाठी पॅरिस सोडून बुडापेस्ट का, असे विचारणाऱ्या सगळ्यांना मी भाची तिकडे आहे एवढेच सांगितले होते.

गाडी संध्याकाळी केलेती स्थानकात लागली. भाची उभी होती आणि माझ्या डोक्यावरची मरून रंगाची कानटोपी पाहून तिने कपाळाला हात लावला. “मामा, मार्च संपत आला. इथे आता ही कोणी घालत नाही.” वारा बोचरा होता आणि माझे कान माझे होते, म्हणून मी ती काढली नाही. या टोपीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर कराडीचा पहिला चित्रपट लावला. ‘हालालोश तवस’, म्हणजे ‘जीवघेणा वसंत’. लायोश झिलाही यांच्या कादंबरीवरून लास्लो कल्मार यांनी केलेला आणि 1939 च्या डिसेंबरात, म्हणजे युरोपात युद्ध पेटून चार महिने होत नाहीत तोच, प्रदर्शित झालेला. कराडी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती आणि तिच्या समोर नायक होता पाल यावोर, हंगेरीचा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय, मिशीवाला, देखणा नट. गोष्ट अगदी साधी आहे. एक तरुण एडिट राल्बेन नावाच्या मोठ्या घरातल्या मुलीच्या प्रेमात पडतो, ती त्याला खेळवते आणि तो त्यातच संपतो. या भूमिकेने कराडी एका रात्रीत तारका झाली.

प्रामाणिकपणे लिहायचे तर पहिली वीस मिनिटे माझी निराशा झाली. तिची मान ताठ, हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नाही, आणि चेहऱ्यावर एकच भाव बराच वेळ टिकून राहतो. मग ती गाऊ लागते, आणि तोच न हलणारा चेहरा अचानक तिच्या बाजूचा साक्षीदार होतो. त्या काळच्या हंगेरियन पडद्यावर गोड, खट्याळ, शेवटी बोहल्यावर चढणाऱ्या मुलींची गर्दी होती. ही बाई प्रेक्षकांची मनधरणी करत नाही. ती पापण्या अर्ध्या मिटून, ओळ संपण्याच्या जरा आधीच आवाज सोडून देते, आणि उरलेला स्वर ऐकणाऱ्याला आपल्या मनात पुरा करावा लागतो. पाहता पाहता भाची म्हणाली, “मामा, ही अभिनय करतच नाहीये.” मी म्हटले, “तेच तर.”

दिवस दुसरा : कोबान्या

सकाळी ब्लाहा लुयझा चौकातून 28 क्रमांकाची ट्राम धरली. हा चौकच एका नटीच्या नावाचा आहे; एकोणिसाव्या शतकातल्या या गायिका-अभिनेत्रीला हंगेरियन लोक राष्ट्राची कोकिळा म्हणत. ट्राम जुन्या, काजळलेल्या इमारतींच्या रांगेतून पूर्वेकडे निघाली आणि अर्ध्या तासात शहराचा नूर पालटला. दुकानांच्या काचा लहान झाल्या, भिंती लांब झाल्या, आणि मी दोन थांबे आधीच उतरल्यामुळे त्या लांब भिंतींच्या कडेने चालत राहण्याची शिक्षा मला मिळाली.

कोबान्या म्हणजे अक्षरशः दगडाची खाण. बुडापेस्टमधल्या कित्येक भव्य इमारतींचा पिवळसर चुनखडक इथून निघाला, आणि दगड काढून झाल्यावर जमिनीखाली जी थंडगार भुयारे उरली त्यांत बिअर साठवायची सोय झाल्यामुळे इथे मद्याचे मोठमोठे कारखाने आले. वर मजुरांच्या चाळी आणि खाली पोकळी, असा हा भाग. इथे 8 डिसेंबर 1910 रोजी एका जोडे शिवणाऱ्याच्या घरात ही मुलगी जन्मली. घरात पोरे पुष्कळ, बाप तापट आणि मारकुटा. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीतल्या गरीब, खंगलेल्या मुलांना आगगाड्यांनी परदेशातल्या कुटुंबांकडे धाडण्याची एक मोहीम होती. त्या मोहिमेत कराडीही काही वर्षे स्वित्झर्लंड आणि हॉलंडमधल्या परक्या घरांत वाढली. परक्या जेवणाच्या टेबलावर, परक्या भाषेत, आपल्याला पाहणारे डोळे वाचायला ती तिथे शिकली असावी, असा माझा तर्क आहे, आणि तो तर्कच आहे. परत आल्यावर विशीतच तिचे लग्न एका वयाने बऱ्याच मोठ्या कस्टम अधिकाऱ्याशी झाले आणि ते मोडलेही.

तिचे घर शोधण्याचा मी प्रयत्न केला नाही. सेंट लास्लो चौकात मात्र बराच वेळ बसलो, कारण तिथे ओडॉन लेखनेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेले चर्च आहे आणि त्याचे रंगीत चिनीमातीच्या कौलांचे छप्पर पाहून मला एकदम कोणीतरी नक्षीदार गोधडी उन्हात वाळत घातल्याचा भास झाला. आजूबाजूच्या करड्या भिंतींमध्ये ते छप्पर अगदीच उधळे वाटते. कोबान्यातल्या लहान मुलीला फुकट पाहता येणारी झगमगीत गोष्ट तेवढीच असणार. चौकाच्या कोपऱ्यावर जोडे दुरुस्त करणाऱ्याचे एक छोटे दुकान उघडे होते. आत लोखंडी ऐरणीवर उपडा घातलेला बाईचा बूट, टाचेला लावलेले नवे रबर, आणि डिंकाचा तो ओळखीचा, डोक्यात जाणारा वास. मी दारात उभा राहिलो तेव्हा म्हाताऱ्याने माझ्या बुटांकडे पाहिले, मान हलवली आणि काहीतरी म्हटले. बहुधा अजून वर्षभर चालतील असे असावे.

कानटोपी या दिवशी खिशात होती. ऊन चांगले होते, आणि रस्त्याकडेची फोर्सिथियाची झुडपे पिवळ्या फुलांनी लगडली होती. हंगेरियन भाषेत या झुडपाला अरान्यएशो, म्हणजे सोन्याचा पाऊस, असे म्हणतात, हे भाचीने सांगितले तेव्हा मला आपल्या बहाव्याची आठवण झाली. आपला बहावा महिनाभराने फुलतो आणि उलटा लोंबतो, एवढाच काय तो फरक.

दिवस तिसरा : झुग्लो आणि राकोत्सी रस्ता

आज फारसे काही हाती लागले नाही. झुग्लो भागातल्या ग्यारमत उत्सा या रस्त्यावर हुनिया नावाचा मोठा स्टुडिओ होता, तो रस्ता मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो. उत्सा म्हणजे गल्ली किंवा रस्ता. बोलपट आल्यापासून हंगेरीचा चित्रधंदा इथे वाढला आणि युद्धाच्या ऐन काळात वर्षाला चाळीस-पन्नास चित्रपट निघत होते, हे वाचलेले असल्यामुळे मला काहीतरी भव्य दिसेल अशी आशा होती. दिसल्या त्या बंद फाटकांच्या रांगा आणि एक सुस्त मांजर.

या भरभराटीला एक काळी बाजू होती आणि ती सोडून कराडीची गोष्ट सांगता येत नाही. 1938 पासून हंगेरीत ज्यूविरोधी कायदे एकामागून एक येत गेले आणि नाट्य-चित्रपट कलावंतांसाठी एक सरकारी मंडळ नेमण्यात आले, ज्याचे सदस्यत्व नसेल त्याला काम नाही. अनेक लोकप्रिय कलावंत एका फटक्यात पडद्यावरून नाहीसे झाले. हंगेरियन बोलपटाचा सर्वांत लाडका विनोदी नट ग्युला कबोश 1939 मध्ये अमेरिकेला गेला आणि दोन वर्षांत न्यू यॉर्कमध्ये वारला. त्याच 1939 साली कराडी पडद्यावर आली. त्या वर्षी एक दार बंद झाले आणि दुसरे उघडले. दुसऱ्या दाराने आत आलेल्या बाईला यासाठी दोष देता येणार नाही, पण रिकामी झालेली जागा दिसल्याशिवाय तिचे झगझगीत यश मला नीट पाहता येत नव्हते.

पुढच्या आठ-नऊ वर्षांत तिने वीसेक चित्रपट केले. त्यांतले बरेचसे घाईत उरकलेले आहेत, कथा ठोकळेबाज आहेत, आणि दर चित्रपटात तिच्या तोंडी दोन गाणी असलीच पाहिजेत असा निर्मात्यांचा हट्ट उघड दिसतो. पण प्रेक्षक गाण्यांसाठीच जात. बायका तिच्यासारखी केशरचना करत, तिच्यासारख्या सिगारेट धरत, आणि तिच्यासारखे हळू बोलत. विझत आलेल्या सिगारेटच्या थोटकावरचे तिचे गाणे तर अजूनही हंगेरीत कोणालाही गुणगुणता येते. संध्याकाळी भाचीच्या घरमालकीणबाईंनी ते आम्हाला चहा ओतता ओतता म्हणून दाखवले आणि शेवटच्या ओळीला कराडीसारखाच आवाज सोडून दिला.

दुपारी राकोत्सी रस्त्यावरचे उरानिया चित्रपटगृह पाहिले. व्हेनिसच्या महालाला मूरिश नक्षी चिकटवावी तशी इमारत आहे, आतून सोनेरी आणि लाल. 1901 मध्ये याच इमारतीच्या गच्चीवर पहिला हंगेरियन चित्रपट मानल्या जाणाऱ्या पटाची दृश्ये टिपली गेली. आम्ही कॉफी घेतली आणि निघालो.

दिवस चौथा : नदीकाठ

आज ढग होते आणि वारा नदीवरून येत होता, म्हणून कानटोपी पुन्हा डोक्यावर. 2 क्रमांकाच्या ट्रामने दान्यूबच्या कडेकडेने संसद भवनापर्यंत गेलो आणि तिथून काठाकाठाने दक्षिणेकडे चालत निघालो. पाचएक मिनिटांत धक्क्याच्या दगडी कडेवर जोडे दिसू लागले.

साठ जोड आहेत, लोखंडाचे, दगडाला घट्ट जडवलेले. जान तोगाई यांची कल्पना आणि ग्युला पाउएर यांचे शिल्प. 2005 मध्ये ते इथे बसवले. 1944 च्या ऑक्टोबरात हंगेरीतल्या बाणक्रॉस या फॅसिस्ट पक्षाने सत्ता बळकावली, आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या टोळ्या ज्यू माणसांना, बायकांना आणि मुलांना इथे आणून काठावर उभे करत, जोडे काढायला लावत आणि गोळ्या घालत. प्रेते नदी वाहून नेई. जोडे मात्र ठेवून घेतले जात, कारण युद्धकाळात कातड्याला किंमत होती. मी वाकून एक जोड जवळून पाहिला. बाईचा, उंच टाचेचा, डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूला झिजलेली, नाडी अर्धी सुटलेली, आत कोणीतरी ठेवलेला पांढरा गोटा आणि पावसाचे पाणी. शेजारी लहान मुलाचे बूट होते. त्यांत एक चॉकलेट होते, कागदासकट.

जोडे शिवणाऱ्याच्या मुलीची गोष्ट या काठाशी येऊन मिळते. 19 मार्च 1944 रोजी जर्मन सैन्याने हंगेरीचा ताबा घेतला आणि महिनाभरात, 18 एप्रिलला, गेस्टापोने कराडीला उचलले. तिचे ज्याच्याशी नाते होते तो इश्तवान उयसासी हा हंगेरीच्या गुप्तचर खात्यातला वरिष्ठ लष्करी अधिकारी. दोस्तराष्ट्रांशी संधान बांधल्याचा संशय होता. सुमारे तीन महिने तिला कोठडीत ठेवले, मारले, छळले. सुटून आली तेव्हा काम नव्हते, चित्रपट बंद पडले होते. आणि अशा अवस्थेत, बाणक्रॉसच्या त्या हिवाळ्यात, तिने आपल्या घरात ज्यू मुलांना लपवले. नदीकाठी आणलेल्या काही मुलांना तिने आपले सोन्याचे दागिने टोळीवाल्यांच्या हातावर ठेवून सोडवून नेले, असे सांगितले जाते. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने 2004 साली, तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्या परधर्मीयांना दिला जाणारा सन्मान तिला दिला.

पडद्यावर काळजाचा थांग लागू न देणारी बाई म्हणून जिने नाव कमावले तिने हे करावे, याचे आश्चर्य अनेकांनी लिहून ठेवले आहे. मला तेवढे आश्चर्य वाटले नाही. लहानपणी जिला परक्यांनी घरात घेतले तिला दार उघडणे म्हणजे काय हे शिकवावे लागले नसेल. शिवाय जो चेहरा हलत नाही म्हणून समीक्षक नाके मुरडत, तोच चेहरा घेऊन टोळीवाल्यासमोर उभे राहता आले असेल. त्याच 1944 साली तिचा एक चित्रपट पडद्यावर आला होता, झिलाही यांच्याच कथेवरचा आणि पुन्हा यावोरबरोबरचा. त्यात एक कोळी नदीतून वाहत आलेल्या अनोळखी बाईला बाहेर काढून घरी आणतो. तो चित्रपट मी काल रात्री पाहिला होता. आज त्या पाण्याकडे पाहताना तो आठवला आणि मी मुद्दाम नजर वळवून पलीकडच्या टेकडीकडे पाहत राहिलो.

दुपारी न्यारी पाल उत्सा या गल्लीत गेलो. पर्यटकांनी फुललेल्या वाची उत्सापासून ही गल्ली हाकेच्या अंतरावर आहे, पण कोपरा वळताच आवाज बंद होतो. इथे तिचे घर होते. उंच दरवाजाची, आत चौक असलेली जुनी इमारत, जिन्याला लोखंडी कठडा, आणि चौकाभोवती फिरणारे सज्जे, अगदी गिरगावातल्या चाळीसारखे, फक्त वाळत घातलेले कपडे नाहीत. कोणीतरी बाहेर पडताना दार उघडे राहिले म्हणून आम्ही दोन पावले आत गेलो. वरच्या मजल्यावरून कोणाच्या तरी पावलांचा आवाज आला तसा तो चारही भिंतींवर फिरला. या इमारतीत मुले लपवणे म्हणजे काय, हे त्या आवाजाने सांगितले: इथे शिंकलेले चारही मजल्यांवर ऐकू जाते.

भाची जिन्याकडे पाहत हळूच म्हणाली, “शेजाऱ्यांना माहीत असणार, मामा.” असणारच. आणि कोणीतरी गप्प राहिले असणार.

दिवस पाचवा : हॅट, आणि फर्कशरेत

युद्धानंतरची तिची हंगेरीतली वर्षे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. उयसासी आधी सोव्हिएत आणि मग हंगेरियन सुरक्षा पोलिसांच्या कैदेत कायमचा दिसेनासा झाला. कराडीला 1940 च्या दशकाच्या अखेरीस आणखी एका चित्रपटात काम मिळाले, पण नव्या राजवटीला ही जुन्या काळाची नटी नको होती. ना पडद्यावर, ना रेडिओवर. 1951 मध्ये ती निघून गेली. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम असे करत 1953 च्या सुमारास ती ब्राझीलमध्ये साओ पावलोला पोचली आणि तिथे तिने बायकांच्या हॅटचे दुकान काढले. 1968 मध्ये ती न्यू यॉर्कला गेली. तिथेही हॅटच. पुन्हा चित्रपटात ती आली नाही. निम्मे आयुष्य नटी आणि निम्मे टोपीवाली, असा हिशेब कोणी मांडला तर टोपीवालीची वर्षे चौपट भरतील.

म्हणून सकाळी भाचीला म्हटले की मला एक हॅट बनवणारा पाहायचा आहे. बुडापेस्टमध्ये असे हाताने काम करणारे अजून मोजके उरले आहेत. आतल्या गल्लीतल्या एका अरुंद दुकानात गेलो, ज्याच्या मागच्या खोलीत एक बाई काम करत होती. मंद वाफ सोडणारे एक भांडे, फळीवर मांडलेले डोक्याच्या आकाराचे लाकडी साचे, प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलेला आकडा. तिने सशाच्या केसांच्या फेल्टची एक घंटेसारखी टोपी वाफेवर धरली, ती ओलसर मऊ होताच साच्यावर ओढली आणि दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने खाली दाबत नेली, जशी आपल्याकडे आजी पुरणपोळीची कड दाबते तशी. मग कपाळाच्या रेषेवर सुतळीचा फास घट्ट आवळला, खालची कड टाचण्यांनी फळीला ठोकली आणि ती बाजूला वाळत ठेवली. वाळायला एक दिवस. मग कड कापायची, आतून फीत शिवायची, बाहेरून रिबन. फीत शिवताना टाका वरून दिसता कामा नये, हे तिने सुई हवेत धरून दाखवले. तिच्या अंगठ्याच्या पेरावर वाफेने आलेला जुना गुलाबी डाग होता. न्यू यॉर्कमध्ये कराडीच्या अंगठ्यावरही असा असेल का, असे वाटून गेले.

कराडीचे नाव घेताच बाईने काम थांबवले. मग तिची नजर माझ्या हातातल्या कानटोपीवर पडली. तिने ती घेतली, उलटी केली, सोलापूरच्या बाजारातून आणलेल्या त्या लोकरीची वीण दोन बोटांनी ताणून पाहिली, हनुवटीखालच्या बटणाचे काज तपासले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने भाचीला काहीतरी विचारले. “ती विचारते, हिला आतून अस्तर का नाही,” भाची म्हणाली. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

1980 मध्ये कराडीच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त बुडापेस्टमध्ये समारंभ ठरला आणि तिला आग्रहाचे आमंत्रण गेले. ती आली नाही. स्वतःऐवजी तिने आपल्या हातची एक हॅट पाठवली. हा किस्सा मी आधी वाचला होता आणि तो मला नटीला शोभणारा नखरा वाटला होता. त्या वाफेच्या खोलीत उभे राहिल्यावर तो नखरा वाटेना. ज्या लोकांनी तिला गप्प केले होते त्यांना तिने आपल्या तीस वर्षांच्या कामाचा नमुना पाठवला होता.

दुपारी सेल काल्मान चौकातून 59 क्रमांकाच्या ट्रामने बुडाच्या टेकड्यांमधल्या फर्कशरेतच्या दफनभूमीकडे गेलो. ट्राम चढ चढत जाते आणि 1944 मध्ये गेस्टापोने जिथल्या हॉटेलांत ठाण मांडले होते ती श्वाबहेग्य टेकडी याच बाजूला आहे. फाटकाबाहेर फुलवाल्यांची रांग. आत शिरल्यावर आधी अंत्यविधीचे सभागृह पाहिले. इम्रे माकोवेत्स यांनी सत्तरच्या दशकात त्याचा अंतर्भाग लाकडी फासळ्यांचा केला आहे. आत उभे राहिले की कोणाच्या तरी छातीच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखे वाटते, आणि शवपेटी जिथे ठेवतात ती जागा नेमकी हृदयाची.

या दफनभूमीत हंगेरीने परत आणलेली माणसे बरीच आहेत. बेला बार्तोक हा थोर संगीतकार 1940 मध्ये देश सोडून गेला, 1945 मध्ये न्यू यॉर्कमध्ये वारला आणि 1988 मध्ये त्याचे अवशेष इथे आणले. कबोश 1941 मध्ये न्यू यॉर्कमध्ये वारला, 1996 मध्ये इथे आला. कराडी 8 फेब्रुवारी 1990 रोजी न्यू यॉर्कमध्ये वारली आणि त्याच महिन्यात तिचे पार्थिव बुडापेस्टला आणले गेले. सेंट स्टीफनच्या बॅसिलिकात लोकांनी दर्शन घेतले आणि मग इथे दफन झाले. पुढच्याच महिन्यात, 25 मार्चला, हंगेरीत चार दशकांनंतरच्या पहिल्या मुक्त निवडणुकांचे मतदान झाले. तिच्या नायकाचा, पाल यावोरचा, क्रम तेवढा वेगळा: तो अमेरिकेहून 1957 मध्ये जिवंत परतला आणि दोन वर्षांत वारला. तोही इथेच आहे. कलावंत हयात असताना दार बंद ठेवायचे आणि नंतर थाटामाटाने खांदा द्यायचा, ही रीत काही एकट्या हंगेरीची नाही, पण एकाच टेकडीवर तिचे इतके पुरावे मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

कराडीचे थडगे सापडायला अर्धा तास लागला. लाल काचेच्या दोन पणत्या तिथे होत्या, एक विझलेली. आम्ही फाटकावर घेतलेली पिवळी फुले ठेवली. भाचीने फोनवर ते पहिले गाणे अगदी हळू आवाजात लावले आणि ओळीच्या शेवटी तो सुटणारा स्वर आल्यावर बंद केले. मी कानटोपी काढून हातात धरली होती. आपल्याकडे देवापुढे डोके झाकतात, यांच्याकडे उघडे करतात, एवढे मला ठाऊक होते.

शेजारच्या थडग्यावरची वाळकी पाने गोळा करणारी एक म्हातारी मघापासून आमच्याकडे पाहत होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ आली, तिने आधी थडग्याकडे आणि मग माझ्या टकलाकडे पाहिले आणि माझ्या हातातली टोपी बोटाने दाखवत दोनदा म्हणाली, “हिदेग, हिदेग.” भाची हसू आवरत म्हणाली, “थंडी आहे म्हणते, मामा. घाल.”

मी घातली आणि हनुवटीखालचे बटण लावले.